मशेरीच्या गावात माझे जुने निदान

या प्रवासाची दोन वर्णने माझ्या आधीच लोकांपर्यंत पोहोचली आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले माझा मेहुणा माधव याचे. ते त्याने नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर चार भागांत प्रसिद्ध केले. मी श्रीवर्धनकडच्या एका खाडीत पडलो, कोळणींनी मला घेरले आणि मी शरण गेलो, असा त्याचा सारांश. दुसरे माझी जुनी विद्यार्थिनी डॉ. वसुधा हिचे. ते आमच्या दंत महाविद्यालयाच्या वार्षिकात छापून आले असून त्यात ‘सरांनी मोठ्या मनाने आपली चूक मान्य केली’ असे वाक्य आहे. माधवच्या लेखनात अज्ञान आहे, वसुधाच्या लेखनात सौजन्य आहे. सत्य दोहोंतही नाही. मी खाडीत पडलो नाही, शरण गेलो नाही, आणि माझे मन मोठे असल्याचा आरोप घरच्या माणसांनीही आजवर माझ्यावर केलेला नाही. म्हणून हे तिसरे वर्णन.

मी हिरड्यांचा डॉक्टर आहे. लोक दातांचा म्हणतात आणि मी दर वेळी दुरुस्ती करतो. दात कितीही मजबूत असला, तरी ज्या हाडात तो उभा असतो ते हाड हिरडीच्या आतल्या सुजेने झिजत गेले, की अगदी निरोगी दात हलू लागतो आणि एके दिवशी भाकरीच्या घासाबरोबर हातात येतो. हे सारे न दुखता घडते, म्हणून माणूस वेळेवर येत नाही. पुण्यात तेहतीस वर्षे मी हेच शिकवले.

तरुणपणी श्रीवर्धन तालुक्यातील एका मासेमारी गावात मी हिरड्यांची पाहणी केली होती. गावाचे नाव लिहीत नाही. माणसाचे तोंड ही त्याची खासगी जागा आहे आणि हे गाव छोटे आहे. पुण्याच्या पेठांतील सुशिक्षित हिरड्या सुईचा स्पर्श होताच रक्त गाळीत. या गावच्या बायकांच्या हिरड्यांतून थेंब येत नव्हता. मी लिहिले की मासळी, जाड तांदूळ आणि मेहनत यांनी या हिरड्या राखल्या आहेत. तो निष्कर्ष पुढे बऱ्याच जणांनी उचलला. मलाही तो फार प्रिय होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळी संपता संपता वसुधाचा फोन आला. ती आता स्वतः प्राध्यापक आहे आणि त्याच गावात हिरड्यांच्या उपचारांवर संशोधन करते आहे.

“सर, बायका उपचार मध्येच सोडून चालल्या आहेत.”

“मग त्यांची समजूत घाल.”

“घातली. त्या म्हणतात, पुण्याचे मोठे डॉक्टर सांगून गेलेत की आमच्या हिरड्या उत्तम आहेत.”

“बरोबर सांगून गेले आहेत.”

“सर, तिथे सहा-सात मिलिमीटरचे खिसे आहेत.”

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीला आम्ही खिसा म्हणतो. तो दोन-तीन मिलिमीटर खोल असेल तर ठीक. सहा म्हणजे आतले हाड गेले. मी तिला म्हटले, तुझ्या विद्यार्थ्यांना मोजायची सुई धरता येत नसेल. ती म्हणाली, “मग तुम्ही येऊन धरा.”

तिने पुढे सांगितले ते असे. गावातील बायका सकाळी मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती बोटाने हिरड्यांवर चोळायची. उपचाराआधी वसुधाने ती सोडायला लावली. सोडल्यावर हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि बायका घाबरल्या. त्यांच्यात हिराबाई नावाची एक मासे विकणारी बाई आहे. तिचा शब्द साऱ्या आळीत चालतो. तिने पुन्हा तंबाखू आणून ठेवली होती आणि येत्या रविवारी ती भाजणार होती. “ती भाजेल तर सगळी आळी भाजेल,” वसुधा म्हणाली, “आणि पाच-सात वर्षांत या बायकांच्या तोंडात चावायला काही उरणार नाही.”

मी गेलो तो माझा निष्कर्ष राखायला गेलो. वसुधा काहीही लिहो.

शुक्रवार, म्हसळे

माझे वय एकोणऐंशी असल्यामुळे सौभाग्यवतीने तिचा धाकटा भाऊ माझ्यासोबत दिला. माधव बँकेतून निवृत्त झालेला. ताम्हिणी घाटाचे वर्णन मी करणार नाही. तो घाट ज्याने त्याने वर्णन करून झिजवला आहे. म्हसळ्याला माधव एके काळी शाखा व्यवस्थापक होता, तेथे त्याचे स्नेही इब्राहीमभाई यांच्याकडे आम्ही दुपारचे जेवलो. इब्राहीमभाई वीस वर्षे कुवेतला होते. जेवणाला तांदळाची पातळ भाकरी, नारळाच्या रसातली कोलंबी, आणि गोडाला सांदण. पुण्यात पाहुण्याला आधी ‘जेवून आलात का’ असे विचारतात. येथे तो प्रश्न कोणालाही सुचला नाही, हा फरक मी नोंदवून ठेवला.

यजमान स्वतः मात्र कोलंबी तोंडाच्या एकाच बाजूने चावत होते. मी विचारले. वरचे निम्मे दात गेले होते.

“शुगर निकली ना, डॉक्टरसाब, त्याच्यानंतर एकेक गेले. अल्लाची मर्जी.”

“त्यात तुमच्याही मर्जीचा वाटा आहे,” मी म्हटले. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत; हे दोन्ही बाजूंनी चालते. मी ते त्यांना जेवता जेवता समजावले. माधव माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता; पण इब्राहीमभाईंना रस वाटला. ते आत जाऊन दात घासायची मिसवाकची काडी घेऊन आले.

“मी हे सोडलं नाही कधी. ही सुन्नत आहे, पैगंबरांची रीत. ही कशी चुकेल?”

“सुन्नत चुकलेली नाही. तुमचा हात चुकतो. तुम्ही आडवी घासता आणि जिथे रक्त दिसते ती जागा सोडून देता.”

त्यांनी काडी उलटीसुलटी करून पाहिली. “हे तुम्हाला कसं कळलं?”

“सगळेच तसे करतात.”

त्यांनी अंगणात उभे राहून मला हात फिरवून दाखवला आणि मी तो सुधारला. हिरडीपासून दाताकडे, उभा, सावकाश. निघताना त्यांनी सांदणांचा डबा भरून दिला. माधवच्या वर्णनात हा प्रसंग ‘भावजींनी यजमानांचा अपमान केला’ या एका वाक्यात आटोपला आहे. डब्याचा उल्लेख नाही. तो डबा माधवनेच संपवला.

संध्याकाळी खाडीपाशी पोहोचलो. गाव पलीकडे. रस्त्याने फिरून जाता येते, पण वसुधा होडी घेऊन धक्क्यावर उभी होती. आता खाडीत पडण्याविषयी. धक्क्याच्या उतारावर शेवाळ होते, ओहोटी होती, आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. डावा पाय दगडावरच होता. ज्या माणसाचा एक पाय दगडावर आहे त्याला पडलेला म्हणता येत नाही. चिखलाने चप्पल ठेवून घेतली, एवढेच. नावाड्याने काठीने शोधली, मग म्हणाला, “ऱ्हाऊ द्या काका, भरतीला ती आपसूक वर येल, नायतर मुंबईला जाईल.”

पलीकडच्या एकुलत्या एका दुकानात माझ्या मापाच्या रबरी चपला होत्या त्या गुलाबी होत्या. पुढचे दोन दिवस मी त्या घातल्या. गावात एकही माणूस त्यांकडे पाहून हसला नाही, माधव सोडून.

त्या किनाऱ्याचे रूप सांगायचे तर, सुपारीच्या वाड्या, त्यांच्यामधून गेलेले पाण्याचे पाट, आणि त्यापुढे एकदम उघडा पडणारा समुद्र. सावलीतून बाहेर पाऊल टाकले की डोळे दिपतात. हवेला सुकत्या बोंबलांचा वास. त्या वासाखाली आणखी एक वास होता, भाजलेला, कडवट, कोपऱ्यावरच्या कुठल्यातरी चुलीवरून येणारा. तरुणपणी मी हा वास घेतला होता आणि कोणीतरी कॉफी जाळते आहे असे समजलो होतो.

शनिवार, शाळेचा व्हरांडा

वसुधाने शाळेच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या, दिवा आणि निर्जंतुक सुयांची पाकिटे मांडली होती. तपासणीची रीत अशी: एकजण मोजतो आणि आकडे मोठ्याने सांगतो, दुसरा वहीत लिहितो. दाताभोवती सहा ठिकाणी सुई अलगद उतरवायची, मग क्षणभर थांबून रक्त येते का ते पाहायचे. माझ्या वेळी मी फक्त हा शेवटचा भाग केला होता. खोली मोजली नव्हती.

मी सुई मागितली. पहिली बाई पन्नाशीची, अजून मशेरी लावणारी. हिरड्या फिकट, घट्ट, दिसायला देखण्या. मी मनात म्हटले, बघ वसुधा. सुई खालच्या दाढेपाशी उतरवली. ती उतरतच गेली. सहा. पुढे सात. मी वाट पाहिली. रक्त आले नाही.

दुसऱ्या बाईचे तसेच, तिसरीचेही तसेच. वसुधा वही लिहीत होती आणि काही बोलत नव्हती. हा तिचा गुण मी पूर्वीपासून जाणतो. जिंकत असते तेव्हा ती गप्प असते.

चहाच्या वेळी मी बोललो. “मासळीचा परिणाम असू शकतो.”

“सर, मासळीने हाड झिजत नाही.”

“मग रक्त का नाही?”

“ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

ते खरे आहे. तंबाखूतील विष बारीक रक्तवाहिन्या आवळते, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्या आतून सडत असतात आणि वरून कोरड्या, शांत दिसतात. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवले. मशेरीविषयी इतके नक्की सांगता येते का, यावर मतभेद आहेत, आणि मी ते त्या व्हरांड्यात पाऊण तास मांडले. वसुधाने ऐकून घेतले. माझ्या जुन्या प्रश्नावलीत तंबाखूचा रकाना होता, हेही मी तिला सांगितले. विडी, सिगारेट, पानतंबाखू. तिन्हींना बायकांनी ‘नाही’ सांगितले होते.

“मशेरीला त्या तंबाखू म्हणतच नाहीत, सर. ती त्यांची दात घासायची पूड. तुम्ही तेव्हा किती वाजता पोहोचला होतात?”

“बाराला. चारच्या गाडीने परत.”

“तोवर त्यांनी चुळा भरलेल्या असणार.”

मी चहा पुरा केला आणि हिराबाईला भेटायचे आहे असे म्हटले. वसुधा बरोबर यायला उठली. मी तिला बसवले. माधव आलाच.

हिराबाई वाळूच्या वरच्या बाजूला, बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील अडकवत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत घालायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. तिचे हात आमच्याकडे न बघता चालू होते. साठीची असावी. कासोट्याचे लुगडे, कानात जड सोने, आणि बोलणे एकवचनात. येथे कोळणी सगळ्यांशी एकवचनात बोलतात, त्यात अनादर नसतो. माधवला हे ठाऊक नव्हते आणि तो माझ्या वतीने रागावून बसला.

“तू तो डाक्टर,” ती म्हणाली. “पुन्याचा. तवा केस व्हते तुला.”

“तुम्हाला आठवते?”

“मी लगीन व्हवून नवी आयलेली. कोनी माज्या तोंडात बगितला नव्हता कदी. तू बत्ती मारलीस, बोललास, पोरी, हिरड्या झकास हाईत, हाय तसा चालू ठेव.” तिने आणखी एक जोडी टांगली. “आमी चालू ठेवला.”

माधव येथे ‘भावजी पांढरेफटक पडले’ असे लिहितो. मी मूळचाच गोरा आहे.

“मशेरी चालू ठेवा असे मी म्हटले नव्हते,” मी म्हणालो.

“मंग काय चालू ठेव बोललास?”

“मासळी. भात.”

“ता कोन बंद करतंय?” शेजारच्या दोन बायका खाली मान घालून हसल्या. हिराबाई हसली नाही. “दोन मयने झाले मशेरी सोडून. ती वसुधाबाय बोलली म्हनून. तवापासून थुकला की रगत. लावत व्हते तवा येक थेंब न्हाय. आता तूच सांग, कंचा खरा?”

मी तिला समजावले. मशेरीने रक्त दाबून ठेवले होते; ती सुटली, रक्त पुन्हा हिरड्यांपर्यंत पोहोचू लागले, म्हणून आतली सूज आता बाहेर दिसते आहे. मुळांवरचे कीटण खरवडून काढले आणि रोज घासले, तर काही आठवड्यांत ते थांबेल. हे मी चांगल्या भाषेत, क्रमवार सांगितले. वर्गात असते तर विद्यार्थ्यांनी टिपून घेतले असते.

हिराबाईने पूर्ण ऐकले. मग म्हणाली, “तवा तू बोललास ता पन असाच ग्वाड बोललास. येक बोल तवाचा, येक आताचा. दोनी तुजेच. मी खरा कंचा धरू?”

“आताचे.”

“कशावरून?”

उत्तराची वाट न पाहता तिने टोपली उचलली, उद्या मासळीचा लिलाव आटपून मशेरीसाठी चूल पेटवणार असल्याचे शेजारणीला माझ्यादेखत सांगितले आणि गेली.

परतताना माधव म्हणाला, “भावजी, चूक झाली म्हणून टाका. काय जातं?”

“चूक काय झाली ते आधी ठरले पाहिजे.”

“पाच मिनिटांत ठरेल.”

“पाच मिनिटांत ठरवल्यामुळेच झाली असेल,” मी म्हटले, आणि मग स्वतःचे ते वाक्य मला संध्याकाळभर पुरले. जेवणात सुरमईची तुकडी आणि सोलकढी होती, दोन्ही उत्तम. मला चव लागली नाही, हे मी फक्त येथे लिहितो. जेवणानंतर माधवने श्रीवर्धनी रोठा सुपारीची पिशवी काढली. तोंडाला घातक अशा त्या सुपारीची निंदा न करता मी ती पाहिली, त्यावरून माझी मनःस्थिती त्याला कळायला हवी होती.

रविवार, सकाळ

लिलाव सातला आटोपला. बर्फाच्या पाण्याने धक्का ओला होता, मांदेलीच्या ढिगाऱ्यांवर बगळे टपले होते. वसुधाने बायकांना शाळेत बोलावले होते. दहा-बारा आल्या, त्या उपचारासाठी नव्हे, काय होते ते पाहायला. हिराबाई शेवटी आली. काखेत तंबाखूचा पुडा. तिने तो व्हरांड्याच्या कठड्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

आता मी काय म्हणालो ते शब्दशः देतो, कारण दोन्ही वर्णने येथेच बिघडली आहेत.

मी म्हणालो, “तेव्हा मी तुमच्या हिरड्यांचे फक्त रक्त पाहिले. खोली मोजली नाही, कारण एका दिवसात गाव उरकायचे होते आणि चारची गाडी गाठायची होती. सकाळी तुम्ही हिरड्यांना काय लावता, हे विचारले नाही. तुम्हाला रक्त येत नव्हते, ही माझी नोंद खरी होती. तिच्यावरून मी काढलेला निष्कर्ष खोटा होता, आणि हिराबाईंना दिलेला सल्ला त्याहून खोटा होता.”

“म्हंजे चुकलास,” हिराबाई म्हणाली.

“निष्कर्षात आणि सल्ल्यात.”

“चुकलास ना?”

“नोंदीत नाही. सल्ल्यात चुकलो.”

ती बायकांकडे वळली. “सल्ल्यात चुकला बोलतोय.” एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, “माजा नवरा पन असाच. होडी बुडवली, पन वल्ही बरोबर मारली बोलत व्हता.” सगळ्या हसल्या. वसुधाही हसली, जे तिच्या लेखात नाही.

मला वाटले झाले. पण हिराबाई खुर्चीकडे गेली नाही. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, “बस.”

“कशाला?”

“तू सगल्यांच्या तोंडात बगितलंस. तुज्या तोंडात कोनी बगितला? बस. वसुधाबाय, माप ह्याचा. आमी बगतो.”

माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत कोणा रुग्णाने ही मागणी केली नव्हती. पुण्यात डॉक्टरचे तोंड हे निरोगीच गृहीत धरलेले असते. मी वसुधाकडे पाहिले; ती नवे पाकीट फोडत होती. वही धरायला माधव पुढे झाला, इतक्या उत्साहाने की तो बँकेत कधी काम करीत असेल यावर माझा विश्वास बसू लागला.

मी बसलो. माझे अठ्ठावीस दात माझे आहेत आणि हे मी सभांमधून सांगत आलो आहे. दिवा डोळ्यांवर आला. बायकांनी गराडा घातला. एकीने चांगले दिसावे म्हणून माझी हनुवटी बाजूला वळवली. वसुधा मोठ्याने सांगू लागली. दोन, दोन, तीन. दोन, तीन, दोन. वरचे संपले, मी सुखावलो. खालचे, डावीकडून. तीन, दोन, दोन. उजवीकडे मागच्या दाढेपाशी ती थांबली.

“पाच,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, “रक्त.”

“मोठ्यानं सांग,” हिराबाई म्हणाली.

“रक्त.”

माधवने ते लिहिले. मी पाहिले, त्याने ते अधोरेखितही केले.

“मशेरी लावतोस?” हिराबाईने विचारले. तोंडातली सुई निघेपर्यंत मला बोलता येत नव्हते, ही त्या दिवसातील एक सोयीची गोष्ट.

“नाही,” मी म्हणालो. “उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो. ब्रश मागपर्यंत वळत नाही. दीड वर्ष झाले.”

“मंग बोलला न्हाईस कुनाला?”

“नाही.”

“कशाला?”

वसुधा माझ्याकडे पाहत होती. तिच्या लेखात येथे माझे डोळे पाणावतात. दिवा तीन वीत अंतरावर होता, कोणाचेही पाणावतील. मी म्हणालो, “हिरड्यांच्या डॉक्टरने हे कसे सांगायचे?”

यावर कोणी हसले नाही. हिराबाईने मान हलवली, जणू हे मात्र तिला पटण्यासारखे होते. मग ती वसुधाला म्हणाली, “ह्याचा आता खरवड. आमच्यासमोर.”

वसुधाने बारीक आकडीसारखे हत्यार घेतले आणि त्या दाढेच्या मुळावरचे कीटण खरवडले. ते काम नाजूक असते. तिने ते चांगले केले, मी शिकवल्यापेक्षा चांगले. पुरेसे दुखले.

“दुखतंय?” हिराबाईने खाली वाकून विचारले.

मी मानेने हो म्हटले.

“मंग खराच काडतेय,” ती शेजारणीला म्हणाली.

मी चूळ भरली. चूळ लाल होती. ती सगळ्यांनी पाहिली, भांडे हातोहात फिरले, आणि एक बाई दुसरीला म्हणाली की आपल्यापेक्षा याचेच जास्त आहे. ते खोटे होते. पण मी दुरुस्ती केली नाही. माधव व वसुधा यांनी ज्याला अनुक्रमे शरणागती आणि मोठे मन म्हटले आहे, ते एवढेच. एक खोटे विधान मी चालू दिले.

मी खुर्चीतून उठलो. हिराबाईने कठड्यावरचा पुडा उचलला आणि काखेत घातला.

“त्याचे काय करणार?” मी विचारले.

“दुकानात परत देते. सील फोडला न्हाय. घेनार न्हाय तो, पन भांडून बगते.” मग तिने पदर खोचला आणि खुर्चीत बसली, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटोला बसल्यासारखी.

सवयीने मी सुईकडे हात नेला. वसुधाने ती आधीच उचलली होती. तेव्हा मी माधवच्या हातून वही काढून घेतली, तो नको म्हणत असताना, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलो. अंगठा पेनवर नीट मिटत नव्हता. अक्षर वाकडे आले. नाव, वय, आळी. तंबाखूच्या रकान्यापाशी थांबून मी तिला विचारले, सकाळी काय लावता. ती म्हणाली, दोन महिने काही नाही, त्याआधी मशेरी, लगीन झाल्यापासून. मी सगळे लिहिले. जागा पुरेना, तर समासात लिहिले.

तिने तोंड उघडले. वसुधा मोजू लागली. सहा. सहा. सात. पाच. प्रत्येक आकडा मी मांडत गेलो, आणि प्रत्येक आकड्याच्या मागून ती जुन्या शिस्तीने थांबत होती. पहिल्या दाढेपाशी थांबली.

“रक्त,” वसुधा म्हणाली.

त्या रकान्यात ‘आहे’ असे मी लिहिले, आणि पुढच्या दातासाठी पेन तयार ठेवले.